तिसरा आवाज

जयवंतनं यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं,
बुडाला अजून मीठ होतं.
म्हणाला, पडद्यावर तिरप्या रेघा येतात,
कोलंबीच्या मिशांसारख्या,
मासा कुठला आणि मिशा कुठल्या, कळत नाही.
मी उघडलं. पुसलं. सेन्सर बादलीत सोडला.
बादलीचा तळ त्यानं बिनचूक दाखवला.
चांगलं आहे की, मी म्हणालो,
फक्त दुसऱ्याचं बोलणं ऐकतंय.

"मंगळदासचा," तो लगेच म्हणाला.

सख्खा भाऊ.
हिराजी तांडेल गेल्यावर होडी एकाला, पैसे दुसऱ्याला,
दुसऱ्यानं त्या पैशांची होडीच घेतली,
आणि मग एकाच आठवड्यात, एकाच दुकानातून
दोघांनी एकाच कंपनीचं यंत्र.
दोन्ही दोनशेवर.
पाण्यात दोघंही एकाच पट्टीत विचारणार: खाली कोण?
आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानात.

वेसाव्यात या यंत्राला सोनार म्हणतात.
बंदरावरच्या बाया मला हसून विचारतात,
पाटल्या कधी घडवतोस रे तुझ्या सोनाराकडून?

दुकानात बसून हे सुटणार नव्हतं.
मी त्याच्याबरोबर रात्री निघालो.
कारखान्यातून आलेल्या बर्फाच्या लाद्या खणात फोडून भरल्या होत्या,
बसायला जागा तेवढीच, खणाच्या झाकणावर.
पँटमधून गारवा हळूहळू पाठीत चढला.
अठरा वाव पाणी.
मंगळदासची बत्ती दोन हाकांच्या अंतरावर,
जवळही येईना, लांबही जाईना.

गेन उतरवला. रेघा फिकट झाल्या, मांदेलीही फिकट.
फिल्टर लावला. रेघा गेल्या,
बारीक मासा त्यांच्याबरोबर गेला.
पन्नासवर नेलं, तर तळ असा जाडजूड
की त्यावर मासा टेकला आहे की चिखल, सांगता येईना.
शेवटी मी वायरलेस जयवंतच्या हातात दिला.
त्यानं तो जरा लांबच धरला, तापलेल्या तव्यासारखा.

"मंगळ्या, तुजा बंद कर. धा मिनिटा. मंग मी करतो."
खरखर.
"कवाचा बंद हाय. माजी पन तीच बोंब होती."

रेघा होत्याच.

आम्ही भोवताली पाहिलं. तिसरी बत्ती नव्हती.
लांब, बंदरात जागा मिळण्याची वाट बघत
नांगरलेली मोठी जहाजं, ती कुणाशी बोलत नाहीत.
मग मी होडीतलीच एकेक वायर चाचपत गेलो,
पंप, दिवे, खलाशाचा मोबाइल लावायची पिन,
आणि बर्फाच्या खणामागं, फळीखाली,
हिरवा गंज चढलेली एक,
जी माझ्या माहितीतली नव्हती.

तिच्या टोकाला गोणपाटात गुंडाळलेलं जुनं खोकं.
पडदा काळा. पण पोटाशी कोमट.
थेट बॅटरीला जोडलेलं, मध्ये बटणच नाही,
हिराजीची कामं अशीच असायची.
पडदा मेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, यंत्र मेलं.
दोन वर्षं ते खालून विचारत राहिलं होतं,
उत्तरंही येत असणार,
दाखवायला जागा नव्हती.

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात.
हे मी मोठ्यानं बोललो नाही.

जयवंतनं पुन्हा वायरलेस उचलला.
"मंगळ्या. बापसाचा हाय."
पलीकडून कुणी बोललं नाही,
पण बटण दाबलेलं राहिलं असावं,
त्याच्या इंजिनाची धडधड आमच्या केबिनमध्ये येत राहिली.
मग: "चालू हाय?"
"चालू हाय."

माझ्या हातात पक्कड होती.
मजुरीचे चारशे आधीच ठरलेले.
कापू का, मी विचारलं.
तो म्हणाला, जाळी ओढेपर्यंत असू दे.

मग रेघांमधूनच, अंदाजानं, जाळी टाकली.
दोन पाट्या मांदेली, थोडी वाकटी, एक खेकडा
जो बर्फावर पडल्यावरही बराच वेळ भांडत होता.

उजाडल्यावर वायर मीच काढली.
पडदा स्वच्छ झाला, नवा असताना असेल तसा.
तळाच्या वर एक मोठा ठिपका आला,
घोळीचा असावा, सरकत गेला, निघून गेला.
जयवंत पडद्याकडेच बघत होता.
जाळीला कुणी हात लावला नाही.